बाराचा टप्पा आणि आठ रुपयांची मोड

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बेस्टच्या वातानुकूलित बसचे किमान भाडे ९ मे २०२५ पासून ६ रुपयांवरून १२ रुपये झाले. भाडेवाढ योग्य की अयोग्य यावर पुष्कळ बोलून झाले आहे. हे पत्र त्या बारातल्या वरच्या दोन रुपयांबद्दल आहे. रोज सकाळी बसमध्ये वाहक आणि प्रवासी यांच्यात जी तणतण होते, तिचे मूळ बहुतेक वेळा या दोन रुपयांत असते. लोक मात्र वाहकाला उद्धट म्हणतात आणि वाहक लोकांना बेफिकीर म्हणतो. दोघेही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात.

आधी भाड्याचा तक्ता पाहा. साध्या बसला ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, पुढे १०, १५, २० आणि २५ किलोमीटरला अनुक्रमे १५, २०, ३० आणि ३५ रुपये. वातानुकूलित बसला याच अंतरांना १२, २०, ३०, ३५ आणि ४० रुपये. या दहा आकड्यांपैकी नऊ आकडे शून्यावर किंवा पाचावर संपतात. एक किंवा दोन रुपयांचे नाणे लागते ते फक्त एका ठिकाणी, बाराच्या टप्प्याला. ९ जुलै २०१९ पासून जो तक्ता होता त्यात वातानुकूलित बसचे भाडे ६, १३, १९ आणि २५ रुपये होते, म्हणजे चारपैकी तीन टप्पे अडचणीचे. त्या मानाने सुधारणा झाली, हे मान्य करायलाच हवे. पण उरलेला एकच टप्पा सगळ्यात वर्दळीच्या जागी आहे. लोकलमधून उतरून घरी, घरून लोकलला, शाळेत, बाजारात, दवाखान्यात, ही सगळी ये-जा पाच किलोमीटरच्या आत होते. मुंबईत साध्या बस कमी होत चालल्या आहेत आणि स्टेशनच्या फेऱ्यांना छोट्या वातानुकूलित गाड्याच जास्त लागतात. म्हणून बाराचे तिकीट सतत फाडावे लागते.

मोड का संपते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. भाडे १० रुपये असते तेव्हा वाहकाच्या बॅगेत पैसा फिरत राहतो. एकाने दहाची नोट दिली, दुसऱ्याने वीसची दिली, पहिल्याची दहाची नोट दुसऱ्याला परत गेली. पंधराच्या भाड्यालाही हेच होते. कोणी दहा अधिक पाच देतो, कोणी वीस देतो, आणि एकाचे पाचाचे नाणे दुसऱ्याच्या हातात पडते. वाहकाला बाहेरून मोड आणावी लागत नाही, प्रवासीच एकमेकांची मोड पुरवतात. बाराच्या भाड्यात हा प्रवाह तुटतो. वीसची नोट देणाऱ्याला आठ रुपये परत द्यायचे, म्हणजे पाचाचे एक, दोनचे एक आणि एकचे एक अशी तीन नाणी बॅगेतून जातात. आत काय येते? नेमके बारा देणाऱ्याकडून दोनचे एक नाणे. म्हणजे वीसची एक नोट मोडायला नेमके बारा देणारे चार प्रवासी आधी चढून गेलेले असावे लागतात. सकाळच्या पहिल्या फेरीत असे चार कुठून मिळणार? स्टेशनबाहेरच्या पहिल्या थांब्यावर पंचवीस जणांनी वीसच्या नोटा पुढे केल्या तर दोनशे रुपयांची चिल्लर जाते, पंचाहत्तर नाणी. बस दुसऱ्या सिग्नलला पोहोचायच्या आत बॅग कोरडी पडते आणि ‘सुट्टे द्या, सुट्टे द्या’ सुरू होते. त्यानंतर चढणाऱ्याने पंधरा दिले तर तीन रुपये नाहीत आणि पन्नास दिले तर अडतीस नाहीत.

यातून जो मार्ग निघतो तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे. वाहक म्हणतो, ‘उतरताना घ्या,’ किंवा तिकिटाच्या पाठीमागे बॉलपेनने आकडा लिहून देतो. एसटीत ही पद्धत जुनी आहे आणि तिथे ती बऱ्यापैकी चालते, कारण प्रवास दोन-तीन तासांचा असतो आणि वाटेत मोड जमते. शहरातल्या पाच किलोमीटरच्या प्रवासात ती चालत नाही. पंधरा-वीस मिनिटांत माणूस उतरतो, गर्दीत वाहक बसच्या एका टोकाला आणि उतरण्याचे दार दुसऱ्या टोकाला. म्हातारा माणूस काठी सांभाळत उतरेल की आठ रुपयांसाठी मागे वळेल? बारा रुपयांच्या तिकिटावर आठ रुपये सोडून देणे म्हणजे वीस रुपयांना प्रवास करणे. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज एका बाजूचे असे गेले तर दोनशे रुपये होतात. धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईच्या हिशेबात दोनशे रुपये मोठे असतात.

याची दुसरी बाजू प्रवाशांना सहसा माहीत नसते. वाहकाने परत न दिलेले आठ रुपये त्याच्या बॅगेत पडून राहतात. तिकीट यंत्रात विक्री दिसते बाराची आणि बॅगेत असतात वीस. अशा वेळी तपासनीस बसमध्ये चढला आणि त्याने यंत्रातली बेरीज व बॅगेतली रोकड ताडून पाहिली, तर रक्कम जास्त भरते. जादा रक्कम म्हणजे तिकीट न देता पैसे घेतले, असा पहिला संशय येतो. तीन-चार प्रवाशांची बाकी राहिलेली असेल तर वाहकाला प्रत्येक आठ रुपयांचा खुलासा करावा लागतो. उलट मोड देताना गडबडीत एखाद्याला दोनऐवजी पाच गेले तर दिवसअखेर भरण्यात रक्कम कमी पडते आणि ती त्याने स्वतःच्या खिशातून भरायची. म्हणून ‘वाहक मुद्दाम सुट्टे ठेवून घेतात’ हा सरसकट आरोप करण्याआधी विचार व्हावा. जो लबाडी करतो त्याला शिक्षा व्हावीच. पण बाकी राहिलेला पैसा प्रामाणिक वाहकाला गळ्यातल्या धोंड्यासारखा असतो.

मग नाणी आहेत कुठे? याचे उत्तर चमत्कारिक आहे. मुंबईत नाण्यांचा दुष्काळ नाही. काही वर्षांपूर्वी बेस्टच्या तिजोऱ्यांत नाण्यांचे इतके ढीग साचले होते की कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांत दिला गेला आणि त्याच्या बातम्या झाल्या होत्या. एकीकडे आगारात पोती आणि दुसरीकडे रस्त्यावर वाहकाकडे दोनचे नाणे नाही, असे का व्हावे? कारण नाणे संध्याकाळी ज्या वाटेने आत जाते, त्या वाटेने सकाळी बाहेर येत नाही. वाहक ड्युटी संपवून भरणा करतो तेव्हा रोकड मूल्यवार लावून खिडकीवर देतो. तिथून ती रक्कम एकत्र होते, पिशव्यांत जाते आणि बँकेच्या वाटेला लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे जो वाहक गाडीवर चढतो, त्याला यंत्र मिळते, कागदाचा रोल मिळतो. मोड मात्र त्याच प्रमाणात मिळत नाही. शिवाय साचतात ती पाच आणि दहाची नाणी, आणि बाराच्या टप्प्याला हवी असतात एक व दोनची. ढीग आणि टंचाई एकाच वेळी असू शकतात, कारण ती वेगवेगळ्या नाण्यांची असतात.

नाणी मोजणे हेही वेळखाऊ काम आहे आणि त्याला एक विशेष कारण आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे की नाणी, विशेषतः एक आणि दोन रुपयांची, शक्यतो वजनावर स्वीकारावीत, किंवा शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिकच्या पुड्यांत घ्यावीत. कागदावर हे सोपे दिसते. पण २०११ च्या मालिकेतले दोनचे नाणे ४.८५ ग्रॅमचे आहे, २०१९ च्या मालिकेतले ४.०७ ग्रॅमचे, आणि त्याआधीचे, दोन बोटे दाखवणाऱ्या हाताचे नाणे ५.६२ ग्रॅमचे. तिन्ही एकत्र असतील तर तराजू काहीच सांगू शकत नाही. याहून वाईट गोष्ट पुढे आहे. अंगठा दाखवणाऱ्या हाताचे २००७ पासूनचे एक रुपयाचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे आहे. २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणेही २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅमचेच. रंगही तोच, पोलादी. तळहातावर दोन्ही शेजारी ठेवा आणि डोळे मिटून बोट फिरवा, फरक कळणार नाही. चाळणी लावा, तराजूत टाका, तरी दोन्ही एकच. संध्याकाळच्या अंधूक उजेडात, हलत्या बसमध्ये, एका हाताने दांडा धरून वाहक ही नाणी ओळखतो. अंध प्रवाशाला तर काहीच आधार नाही. २०१९ ची मालिका काढताना दृष्टिहीनांचा विचार केला गेला, विसाचे नाणे बारा कडांचे केले गेले, हे चांगले झाले. पण जुनी नाणी चलनात आहेत आणि राहणार. म्हणून आगारात नाणी वजनावर मोजायची असतील तर आधी ती हाताने मालिकेनुसार वेगळी करावी लागतात. हे काम एकदा केले की पुड्या पुन्हा पुन्हा वापरता येतात.

यावरून एक साधा उपाय सुचतो. वातानुकूलित गाडीवर जाणाऱ्या प्रत्येक वाहकाला ड्युटी सुरू होताना नाण्यांचे एक मोजलेले पुडके द्यावे. त्यात दोनची चाळीस, एकची चाळीस आणि पाचाची वीस, अशी शंभर नाणी असावीत. रक्कम होते २२० रुपये. २०११ च्या मालिकेतली नाणी घेतली तर वजन सुमारे ४६५ ग्रॅम, अर्ध्या किलोच्या आत. या पुडक्यातून वीसच्या वीस नोटा मोडता येतात (प्रत्येकी पाच, दोन आणि एक) आणि पंधरा रुपये देणाऱ्या वीस जणांना तीन-तीन रुपये परत देता येतात. म्हणजे चाळीस प्रवासी वादाविना जातात. तेवढ्यात नेमके पैसे देणारेही चढतात आणि दोनची नाणी परत जमू लागतात. अशी हजार पुडकी वाटली तरी अडकून पडतात २ लाख २० हजार रुपये, आणि तेही खर्च होत नाहीत, संध्याकाळी परत येतात. यंत्राच्या हिशेबात ही रक्कम आरंभीची शिल्लक म्हणून आपोआप चढली पाहिजे, नाहीतर तपासणीच्या वेळी तीच वाहकाच्या अंगाशी येईल.

एक काळजी मात्र घ्यावी. ‘शंभर रुपयांची चिल्लर दिली’ एवढ्याने काम होत नाही. शंभर रुपये म्हणून पाचाची वीस नाणी हातात ठेवली तर बाराच्या टप्प्याला ती निरुपयोगी आहेत. रक्कम किती यापेक्षा नाणी कोणती, हे महत्त्वाचे. पुडके संपल्यावर पुन्हा भरण्याचीही सोय हवी. शेवटच्या थांब्यावर जिथे बसनियंत्रकाची चौकी आहे, तिथे एकेक राखीव पुडके ठेवून वाहकाच्या दहा-वीसच्या नोटांच्या बदल्यात द्यावे. दुपारी आगारात परत जाईपर्यंत थांबायला लावले तर सकाळची गर्दी तशीच निघून जाते.

बँकांनीही अंग झटकून चालणार नाही. एक रुपया आणि त्यावरील मूल्याची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत, असे २०११ च्या नाणे कायद्यात स्पष्ट आहे. बँकेच्या कोणत्याही शाखेने नाणी घेतलीच पाहिजेत, असे रिझर्व्ह बँक वारंवार सांगते. तरीही ‘आज मोजायला माणूस नाही’ हे उत्तर खिडकीवर मिळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने १२ शहरांत क्यूआर कोडवर नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला होता. मोबाइलने कोड टिपायचा, खात्यातून रक्कम वळती होते आणि यंत्रातून हवी ती नाणी पडतात. अशा यंत्राला दादर, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर यांच्यासारख्या स्टेशनांबाहेरच्या बसथांब्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

पण खरे औषध भाड्याच्या तक्त्यातच आहे. बाराचे दहा करा असे म्हणणे सोपे, पण त्या टप्प्यावरचे उत्पन्न एक-षष्ठांशाने घटते. आधीच तोट्यात असलेल्या सेवेला ते परवडणारे नाही. बाराचे पंधरा केले तर प्रवाशावर एकदम २५ टक्क्यांचा बोजा पडतो. मधला मार्ग असा की पाच किलोमीटरचा पहिला टप्पा दोन भागांत तोडावा. पहिले ३ किलोमीटर १० रुपये आणि ३ ते ५ किलोमीटर १५ रुपये. शंभर प्रवाशांतले साठ जण तीन किलोमीटरच्या आत उतरत असतील, तर साठ गुणिले दहा म्हणजे सहाशे आणि चाळीस गुणिले पंधरा म्हणजे सहाशे, एकूण बाराशे. आजच्या बाराच्या भाड्यानेही शंभर जणांचे बाराशेच होतात. साठऐवजी सत्तर जण आत उतरत असतील तर पन्नास रुपये कमी येतील, पन्नास उतरत असतील तर तितकेच जास्त. प्रत्यक्षात किती उतरतात याची नोंद तिकीट यंत्रांत रोज होते, कारण प्रत्येक तिकिटावर चढण्याचा आणि उतरण्याचा थांबा असतो. एका महिन्याची नोंद काढली तरी चित्र स्पष्ट होईल. साध्या बसचेही पहिले भाडे १० रुपयेच आहे, मग फरक काय राहिला, असा प्रश्न येईल. फरक अंतरात राहतो. साधी बस दहा रुपयांत पाच किलोमीटर नेते, वातानुकूलित तीन नेईल. भाड्यात बदल करायला मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते, म्हणजे हे उद्या होणार नाही. तोवर पुडक्यांचा उपाय करता येतो, त्याला आगारापलीकडे कोणाची परवानगी लागू नये.

पुण्याने वेगळा मार्ग धरला. पीएमपीने १ जून २०२५ पासून सगळे टप्पे दहाच्या पटीत केले. पाच किलोमीटरपर्यंत १०, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३० असे पुढे. सुट्ट्यांचा प्रश्न तिथे मुळातच उरला नाही, वाहकाचे काम हलके झाले. पण एक थांबा पुढे गेला की दहाचे वीस होतात, हा झटका सहा-सात किलोमीटर जाणाऱ्याला बसतो. दैनंदिन पासही त्याच वेळी ४० रुपयांवरून ७० रुपयांवर गेला. म्हणून पुण्याची नक्कल करा असे सुचवत नाही. पाचाची पट पुरेशी आहे, कारण पाचाचे नाणे बसमध्ये आपोआप फिरते.

एसटीचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. २०१८ च्या भाडेवाढीत एसटीने तिकीट पाचाच्या पटीत आणले होते. सात रुपये होत असतील तर पाच घ्यायचे, आठ होत असतील तर दहा. वाहकांना त्याने मोठा दिलासा मिळाला होता. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत साध्या गाडीचा सहा किलोमीटरच्या टप्प्याचा दर ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैसे झाला. पाच पैशांचे नाणे २०११ सालीच चलनातून बाद झाले आहे. टक्केवारीने भाडे ठरवायचे आणि मग ते रुपयात बसवायचे, यात शेवटचा एखादा रुपया कुठे जातो याचा विचार तिकीट फाडणाऱ्याच्या जागेवरून झाला पाहिजे. त्यात १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे. सवलत चांगलीच आहे. पण पूर्ण भाडे विषम असेल तर अर्ध्याला पुन्हा मोडतोड करावी लागते.

‘सगळे मोबाइलवरून द्या, प्रश्न मिटला’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. ज्याला जमते त्याने जरूर द्यावे. बारा म्हणजे नेमके बारा जातात, मोडीचा प्रश्नच येत नाही. पण गर्दीच्या बसमध्ये ते कसे होते ते पाहा. वाहकाने यंत्रावर कोड दाखवायचा, प्रवाशाने एका हाताने फोन काढून कॅमेरा धरायचा, बसच्या हिसक्याने कोड निसटतो, मग पिन टाकायचा, मग दोन्ही बाजूंनी पोच येईपर्यंत थांबायचे. नेटवर्क गेले की पैसे खात्यातून गेलेले आणि तिकीट नाही, अशी अवस्था होते. अशा वेळी प्रवाशाने घाबरू नये. दुकानदाराला किंवा सेवेला केलेल्या पेमेंटची पोच आली नाही तर रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी आणि त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवावा. रोजच्या बसप्रवासाला यूपीआय लाइट अधिक बरे पडते. त्यात आधी थोडी रक्कम भरून ठेवायची, मग पिन लागत नाही. त्याहून जलद म्हणजे टॅप करायचे कार्ड, कारण नेटवर्क नसतानाही त्यातून भाडे जाते. जो माणूस रोज जाऊन-येऊन प्रवास करतो त्याने पासाचाही हिशेब मांडावा. बेस्टचा एका दिवसाचा पास आता ७५ रुपयांचा आहे, म्हणजे बाराच्या टप्प्याचे सात प्रवास झाल्याशिवाय तो फायद्याचा नाही. नुसते स्टेशनला जाऊन परत येणाऱ्याला तो परवडत नाही आणि म्हणून तो रोख पैसेच काढतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, ज्यांच्या मुलाच्या नावावर खाते आहे, जी शाळकरी पोरे आईने दिलेली नोट मुठीत घेऊन चढतात, त्यांचा विचार कोणी करायचा? रोख पैसे देणारा प्रवासी हा मागासलेला नाही. तो कायदेशीर चलन देतो आणि त्याला नेमकी मोड मिळण्याचा हक्क आहे.

आता प्रवाशांच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते एका नाण्यात आहे. दोन रुपयांचे एक नाणे खिशात वेगळे ठेवा. वीस देणार असाल तर वर दोन द्या, वाहक दहाची नोट परत देईल. पन्नास देणार असाल तर बावन्न द्या, वीसच्या दोन नोटा परत येतील. शंभरावर दोन दिले की नव्वद परत मिळतात, त्यात एकही नाणे लागत नाही. पंधरा देत असाल तर सतरा द्या, पाचाचे नाणे परत येते. एका दोनच्या नाण्याने अठ्ठ्याऐंशी, अडतीस, आठ आणि तीन हे चारही त्रासदायक आकडे नाहीसे होतात. सोबत कोणी असेल तर तिकिटे एकत्र काढा. दोघांनी वेगवेगळ्या वीसच्या नोटा दिल्या तर सोळा रुपये परत द्यायचे, म्हणजे सहा नाणी. दोघांचे मिळून तीस दिले तर सहा रुपये, दोन नाण्यांत काम होते. चौघे असाल तर अठ्ठेचाळीस होतात, पन्नास द्या. पाच जणांचे साठ होतात, सुट्ट्यांचा प्रश्नच नाही. पाचशेची नोट सकाळच्या बसमध्ये काढू नका. स्टेशनवरच्या दुकानात काहीतरी घेऊन ती आधी मोडून घ्या. पैसे बसमध्ये चढण्यापूर्वी हातात ठेवा आणि उतरण्याचा थांबा आधी सांगा. वाहक टप्पा शोधत असतो तेवढ्यात त्याला मोडीचा अंदाज येतो.

दहाचे नाणे खोटे आहे अशी अफवा अजून मधूनमधून उठते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले आहे की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि सगळे चालतात. रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले, दोन्ही. दहाचे एक आणि दोनचे एक, अशा दोन नाण्यांत बाराचे तिकीट होते. नोटांची मळकी थप्पी चाळण्यापेक्षा ते केव्हाही सोयीचे.

वाहकाच्या बाजूनेही एक छोटी सुधारणा हवी. बाकी लिहायचीच असेल तर ती तिकिटाच्या पाठीवर लिहिण्याऐवजी यंत्रात नोंदवता आली पाहिजे. ‘येणे ८’ असे तिकिटावरच छापून यावे. म्हणजे तपासनिसाला बॅगेतली जादा रक्कम कशाची आहे ते कळेल, प्रवासी घाईत उतरून गेला तर त्या तिकिटावर कोणत्याही आगारात ती रक्कम परत घेता येईल, आणि मुदतीत कोणी मागितली नाही तर ती कोणत्या खात्यात जमा झाली याचाही हिशेब राहील. थर्मल कागदावरची छपाई ऊन आणि घाम लागला की पुसट होते, म्हणून मुदत सात दिवसांपेक्षा जास्त ठेवण्यात अर्थ नाही. यंत्राच्या प्रणालीत एक कळ आणि एक ओळ वाढवायची आहे.

आणि ही सगळी जमवाजमव होईपर्यंत प्रत्येक वातानुकूलित बसमध्ये, चढण्याच्या दाराजवळ, डोळ्यांच्या उंचीवर, एक पाटी लावावी. ‘कृपया सुट्टे पैसे द्यावेत’ ही पाटी वर्षानुवर्षे लागलेली आहे आणि ती आता कोणी वाचत नाही. नव्या पाटीवर एवढेच लिहावे: १२ साठी १२ द्या. नाहीतर २२, ५२ किंवा १०२ द्या.

आपला,
एक निवृत्त वाहक,
परळ, मुंबई